क्रॉस-कंट्री कशी पाहावी: घड्याळ, झेंडे आणि घोड्याचे कान

टोकियो ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या स्पर्धेत ड्रेसाजचा पहिला टप्पा संपला, तेव्हा बेंगळुरूचे फवाद मिर्झा आणि त्यांचा घोडा सेन्यूर मेडिकॉट यांच्या नावावर २८.०० दंडगुण होते, तर ऑस्ट्रेलियाचे ६२ वर्षांचे अँड्र्यू हॉय आणि त्यांचा घोडा व्हॅसिली द लासो यांच्या नावावर २९.६०. या खेळात ज्याचे दंडगुण कमी तो पुढे, म्हणजे त्या क्षणी मिर्झा हॉय यांच्या पुढे होते. स्पर्धा संपली तेव्हा हॉय यांच्या गळ्यात कांस्यपदक होते आणि मिर्झा २३ व्या स्थानावर होते. मधल्या क्रॉस-कंट्रीच्या दिवशी, १ ऑगस्ट २०२१ रोजी, दोघांपैकी कोणाचाही घोडा एकाही अडथळ्यापुढे अडला नव्हता आणि दोघेही न पडता शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले होते. मग फरक कुठे पडला, हे ज्याला समजले त्याला क्रॉस-कंट्री पाहता येऊ लागली, असे म्हणायला हरकत नाही. नवखा प्रेक्षक उड्या पाहतो, आणि त्या पाहण्यासारख्या असतातच. पण स्पर्धेचा निकाल बहुतेक वेळा दोन उड्यांच्या मधल्या गवतावर लागतो.

आधी एकूण स्पर्धेची रचना समजून घेऊ. इव्हेंटिंगमध्ये एकच स्वार एकाच घोड्यावर तीन वेगवेगळ्या परीक्षा देतो. पहिली ड्रेसाजची. तीत आखलेल्या चौकटीत घोड्याच्या चाली, वळणे आणि आज्ञाधारकपणा यांना परीक्षक गुण देतात. मिळालेले शेकडा गुण १०० मधून वजा केले की उरतात ते दंडगुण. ७२ टक्के मिळवणारी जोडी २८ दंडगुणांनी सुरुवात करते. दुसरी परीक्षा क्रॉस-कंट्रीची: मोकळ्या रानातून, चढउतारांवरून, पाण्यातून आणि झाडीतून, पक्क्या अडथळ्यांवरून भरधाव दौड. तिसरी शो जंपिंगची, जिथे रंगीत दांडे हलके ठेवलेले असतात आणि खुराचा धक्का लागला तर खाली पडतात. एकदा जमा झालेला दंडगुण पुढे कधीही कमी होत नाही, त्यामुळे ड्रेसाजच्या आकड्यात पुढच्या दोन टप्प्यांत काहीही न मिळवणे, म्हणजे भर न घालणे, हेच प्रत्येकाचे ध्येय असते. हॉय यांनी नेमके तेच केले. ते २९.६० वर सुरू झाले आणि २९.६० वरच संपले.

या खेळाचा उगम लष्करी आहे. घोडदळाच्या अधिकाऱ्याचा घोडा संचलनात शिस्तीचा, रानात धाडसी आणि लांबच्या दौडीनंतरही दुसऱ्या दिवशी कामाला तयार असला पाहिजे, अशी ती कल्पना होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून इव्हेंटिंग ऑलिंपिकमध्ये आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंतच्या स्पर्धांत क्रॉस-कंट्रीच्या आधी लांब पल्ल्याची रपेट आणि स्टीपलचेसची, म्हणजे कुंपणांवरून उड्या घेत धावण्याची, दौडही असे. आता ते भाग वगळले गेले आहेत, पण मूळ प्रश्न तोच आहे.

आता घड्याळाकडे वळू, कारण सारे मर्म तिथे आहे. सर्वोच्च पातळीवरच्या मार्गाची लांबी मोजून, मिनिटाला ५७० मीटर या गतीने तो पार करायला किती वेळ लागेल हे ठरवले जाते. त्याला इष्टतम वेळ म्हणतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये व्हर्सायच्या उद्यानात ५१४९ मीटरचा मार्ग होता आणि इष्टतम वेळ ९ मिनिटे २ सेकंद होती. इंग्लंडमधल्या बॅडमिंटन आणि बर्ली, अमेरिकेतल्या केंटकी किंवा फ्रान्समधल्या पो अशा पंचतारांकित, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या, स्पर्धांत हीच दौड अकरा-बारा मिनिटांची असते. मिनिटाला ५७० मीटर म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर. हा आकडा मोठा वाटत नाही, पण ही सरासरी आहे हे विसरू नये. पाण्यापुढे, उतारावर, अरुंद अडथळ्यांच्या साखळीपुढे वेग कमी करावाच लागतो, म्हणून उरलेल्या अंतरात घोड्याला त्याहून बरेच जोरात धावावे लागते.

इष्टतम वेळेनंतरच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंडगुण लागतो. टोकियोत इष्टतम वेळ ७ मिनिटे ४५ सेकंद होती. मिर्झा यांनी ८ मिनिटे १३ सेकंद घेतली. २८ सेकंदांचे ११.२० दंडगुण झाले आणि त्यांचा आकडा २८.०० वरून ३९.२० वर गेला. हॉय वेळेत आले. टोकियोतल्या त्या दिवसाचा दोघांमधला सगळा फरक एवढाच होता, आणि तो एकाही उडीत नव्हता. मिर्झा यांच्या कामगिरीचे मोल यामुळे जराही कमी होत नाही. त्या स्पर्धेत वैयक्तिक शो जंपिंगच्या अंतिम फेरीत पोहोचणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्याआधी १९९६ मध्ये इंद्रजित लांबा आणि २००० मध्ये इम्तियाज अनीस यांनी ऑलिंपिक इव्हेंटिंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले होते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच घोड्यावर मिर्झा यांनी वैयक्तिक आणि सांघिक रौप्यपदक मिळवले होते, आणि आशियाई स्पर्धेत भारतीय घोडेस्वाराला वैयक्तिक पदक मिळण्याची ती १९८२ नंतरची पहिलीच वेळ होती.

सेकंदांचा हा हिशेब एकदा मनात बसला की बाकीचे दंड आपोआप तोलता येतात. घोडा एखाद्या अडथळ्यापुढे अडला किंवा त्याला बगल देऊन बाजूने निघून गेला, तर २० दंडगुण, म्हणजे ५० सेकंदांचा तोटा. त्याच अडथळ्यापुढे दुसऱ्यांदा अडला तर ४०. सबंध मार्गात तिसऱ्यांदा अडला तर जोडी बाद. स्वार किंवा घोडा पडला तरी जोडी बाद. पूर्वी पडलेला स्वार पुन्हा घोड्यावर बसून दौड पूर्ण करू शकत असे. आता तसे चालत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण डोक्याला मार लागलेल्या माणसाने स्वतःच्या प्रकृतीचा निवाडा स्वतः करू नये. शो जंपिंगमध्ये एक दांडा पडला तर ४ दंडगुण लागतात, म्हणजे क्रॉस-कंट्रीतल्या दहा सेकंदांएवढे. अनुभवी प्रेक्षकाच्या मनात हे रूपांतर सतत चालू असते: हा स्वार बारा सेकंद उशिरा आला, म्हणजे उद्याचा एक दांडा त्याने आजच पाडला.

मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यत पाहिलेल्यांना इथे एक गोष्ट वेगळी वाटेल. घोडे एकत्र सुटत नाहीत. काही मिनिटांच्या अंतराने एकेक जोडी सुरुवातीच्या कठड्यातून बाहेर पडते, एकाच वेळी दोन-तीन घोडे मार्गाच्या वेगवेगळ्या भागांत धावत असतात, आणि प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. इष्टतम वेळेपेक्षा लवकर पोहोचण्याचा काहीही फायदा नाही. म्हणून शहाणा स्वार सर्वांत वेगवान होण्याचा प्रयत्न करत नाही, तर एक-दोन सेकंद राखून शेवटची रेषा ओलांडतो. त्यासाठी स्वार आधी मार्ग पायी फिरतात, बहुधा तीन-चार वेळा. पहिल्या फेरीत घोड्याला तो अडथळा अचानक समोर आल्यावर कसा दिसेल याचा अंदाज घेतात, नंतर पावलांनी अंतरे मोजतात, आणि मोजणीच्या चाकाने प्रत्येक मिनिटाला आपण नेमके कुठे असायला हवे त्या खुणा ठरवतात: अमुक झाडापाशी चार मिनिटे, तमुक फाटकापाशी सहा. दौडीत मनगटावरचे घड्याळ या खुणांशी ताडून पाहिले जाते. प्रक्षेपणात स्वाराची नजर क्षणभर मनगटाकडे गेलेली दिसली, की तो कोणत्या मिनिटाच्या खुणेवर आहे हे समालोचक काय सांगतात ते ऐकावे.

घोड्याला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. तो मार्ग आधी पाहत नाही. प्रत्येक अडथळा त्याला त्या क्षणी प्रथमच दिसतो, आणि तरीही तो उडी घेतो. मला या खेळाची ओढ आहे ती या एका गोष्टीमुळे. पाठीवरच्या माणसाने वेग, रेषा आणि तोल यांतून सांगितलेल्या शब्दावर घोडा इतका भरवसा ठेवतो, यासारखे दुसरे उदाहरण खेळांच्या जगात शोधून सापडणार नाही.

अडथळ्यांची रचना करणारा तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी घोड्याला आणि स्वाराला एकेक प्रश्न विचारत असतो. सर्वोच्च पातळीवर पक्क्या अडथळ्याची उंची १.२० मीटरपर्यंत असते. वर झुडपांचा मऊ भाग असेल तर एकूण उंची याहून जास्त असू शकते, कारण त्या भागातून घोड्याचे पाय घासत जाऊ शकतात. उंची हा इथला खरा प्रश्न नव्हेच. रुंद टेबलासारखा अडथळा मोकळ्या जागेत येतो आणि घोड्याला लयीत, न थांबता उडवून पुढे नेता येते का, एवढेच विचारतो. कोपरा, म्हणजे वरून पाहिल्यास त्रिकोणी आकाराचा अडथळा, अचूकपणा तपासतो. त्याच्या टोकाच्या फार जवळून गेले तर घोडा सहज बाजूने निसटतो, आणि फार आतून गेले तर उडी झेपण्यापलीकडे रुंद होते. अरुंद अडथळा घोड्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतो, कारण जेमतेम घोड्याच्या अंगाएवढ्या त्या फळीच्या दोन्ही बाजूंना पळून जायला मोकळे रान असते. चर, म्हणजे खोल खणलेली खाच, धैर्य तपासते. ज्याला कॉफिन म्हणतात त्या साखळीत एक कुंपण, मग उतारावर चर आणि पुन्हा चढावर कुंपण असते. तिथे वेग आवरून, घोड्याचा पुढचा भाग हलका ठेवून, लहान पण जोरकस झेपांनी, म्हणजे धावतानाच्या ढांगांनी, जावे लागते.

पाण्याचा अडथळा प्रेक्षकांचा लाडका, आणि तिथेच गर्दी सर्वांत जास्त. नियमाप्रमाणे पाणी ३५ सेंटिमीटरपेक्षा खोल नसते, पण हे घोड्याला माहीत नसते. पाण्याच्या पृष्ठभागावरून त्याला खोली कळत नाही, त्यामुळे उंच ओंडक्यावरून खाली पाण्यात उडी घेताना तो केवळ विश्वासावर झेपावतो. उतरताच पाणी पायांना ओढते आणि झेप आखूड होते, आणि रचनाकाराने नेमका पुढचा अरुंद अडथळा तिथेच ठेवलेला असतो. प्रकाशाचाही असाच उपयोग केला जातो. घोड्याच्या डोळ्यांना उजेडातून सावलीत आल्यावर सरावायला माणसापेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणून झाडीच्या तोंडाशी किंवा आत ठेवलेला साधा अडथळाही अवघड होतो.

अडथळ्याच्या उजव्या टोकाला लाल आणि डाव्या टोकाला पांढरा झेंडा असतो, आणि त्या दोहोंच्या मधूनच जायचे असते. साखळी असेल तर एकाच क्रमांकापुढे अ, ब, क अशी अक्षरे असतात. अनेक ठिकाणी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिलेली असतात: सरळ मार्ग कठीण आणि जलद, तर वळसा घालून जाणारा मार्ग सोपा पण लांब. वळशाला आठ-दहा सेकंद लागले, तर तीन-चार दंडगुणांची किंमत मोजून स्वार २० गुणांचा धोका टाळतो. हा निर्णय कधी आदल्या संध्याकाळी ठरलेला असतो, तर कधी दौडीत, घोडा थकला आहे किंवा डाव्या बाजूला झुकतो आहे असे जाणवताच, क्षणात बदलावा लागतो. वळसा घेणाऱ्याला भित्रा समजणारे प्रेक्षक मी पाहिले आहेत. मला तर तसे निर्णय पाहणे अधिक आवडते, कारण तिथे स्वार स्वतःच्या हौसेपेक्षा घोड्याचे ऐकत असतो.

झेंड्यांवरून मोठे वाद होतात. घोड्याने उडी तर घेतली, पण त्याचे सगळे अंग झेंड्यांच्या मधून गेले नाही, असे ठरले तर १५ दंडगुण लागतात. पॅरिसमध्ये ब्रिटनच्या रोझलिंड कँटर आणि त्यांचा घोडा लॉर्डशिप्स ग्राफेलो यांना हाच दंड झाला. ब्रिटनने सांघिक सुवर्णपदक जिंकले, पण कँटर यांची वैयक्तिक पदकाची संधी गेली. अशा निर्णयासाठी पंच चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहतात, म्हणून दौड संपल्यावर फलकावर दिसणारा आकडा अंतिम मानू नये. अर्ध्या तासानेही तो बदलू शकतो.

दुसरा दंड ११ गुणांचा आहे, आणि त्याच्यामागे दुःखद इतिहास आहे. पक्क्या अडथळ्याला घोड्याचे पुढचे पाय वरच्या बाजूला अडकले, तर मागचे अंग वेगाने वर उचलले जाते, घोडा डोक्यावरून उलटतो आणि खाली स्वार सापडू शकतो. या खेळातले बहुतेक प्राणघातक अपघात असे झाले आहेत. १९९९ च्या एका वर्षात ब्रिटनमध्ये पाच स्वारांचा मृत्यू झाला आणि सारा खेळ हादरला. त्यानंतर अडथळ्याचा ओंडका किंवा दांडा अशा पिनांवर आणि कड्यांवर बसवला जाऊ लागला, की ठरावीक जोराचा धक्का लागताच ती पिन तुटते, दांडा खाली येतो आणि घोड्याला उलटण्याऐवजी सावरायला वाव मिळतो. स्वारांनी या सोयीवर विसंबून बेफिकीर होऊ नये, म्हणून पिन सुटली तर ११ दंडगुण लागतात. टोकियोत जर्मनीचे मिखाएल युंग आणि त्यांचा घोडा चिपमंक ड्रेसाजनंतर २१.१० गुणांवर पहिले होते. क्रॉस-कंट्रीत उडी स्वच्छ झाल्यासारखी दिसली, पण पिन सुटली आणि ते ३२.१० वर गेले. सुवर्णपदक त्यांच्याच संघातल्या युलिया क्रायेव्स्की यांनी २६.०० गुणांवर जिंकले, आणि वैयक्तिक इव्हेंटिंगचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच चिपमंकवर युंग यांनी २१.८ गुणांवर सुवर्णपदक मिळवले. त्यांचे ते तिसरे वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण होते. टोकियोतल्या ११ गुणांच्या दंडावर पुष्कळ टीका झाली. मला स्वतःला तो नियम कठोर वाटतो, तरी हवासा वाटतो, कारण पिन आधी घोड्याला वाचवते आणि गुणतक्ता नंतर येतो.

प्रत्यक्ष पाहताना काय पाहावे? अडथळ्याच्या दहा-बारा झेपा आधी घोड्याच्या कानांकडे लक्ष द्यावे. दोन्ही कान पुढे, अडथळ्यावर रोखलेले असतील तर त्याने प्रश्न ओळखला आहे. कान इकडेतिकडे हलत असतील तर त्याचे मन अजून गर्दीत किंवा पाठीवरच्या माणसाकडे आहे. मग स्वाराचे हात आणि पाठ पाहावी. चांगला स्वार वेग कमी करताना लगाम खेचत बसत नाही. तो खोगिरावर किंचित सरळ होतो आणि घोडा आपोआप मागच्या पायांवर तोल घेतो. हा बदल तीन-चार झेपांत होतो की दहा-बारा झेपांत, हे नीट बघावे. वीस-पंचवीस ठिकाणी प्रत्येकी एक सेकंद वाचवणारी जोडी अडथळ्यांमधल्या मोकळ्या जागेत जिवाच्या आकांताने न पळताही वेळेत पोहोचते, आणि हा सेकंद घोड्याच्या सरावातून, विश्वासातून येतो. उडीनंतरच्या पहिल्या दोन झेपाही पाहाव्यात. काही घोडे उतरताच पुन्हा लयीत येतात, काहींना सावरायला वेळ लागतो.

सात-आठ मिनिटांनंतर थकवा दिसू लागतो. झेप सपाट होते, मान खाली येते, घोडा लगामावर भार टाकतो, उडीनंतर जड पडतो. इथे स्वाराची खरी ओळख पटते. काही जण वेग कमी करून दंडगुण स्वीकारतात, काही जण हात वर करून दौड सोडतात आणि घोड्याला चालत परत नेतात. अशा वेळी जाणकार प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि नव्या प्रेक्षकानेही वाजवाव्यात. टोकियोत जेट सेट नावाच्या स्विस घोड्याच्या पायाचा अस्थिबंध दौडीत तुटला आणि त्याला वेदनामुक्त मरण द्यावे लागले. घोड्याच्या कल्याणाविषयीचे प्रश्न या खेळाला आज विचारले जात आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पंचांना धोकादायक स्वारी करणाऱ्याला मार्गातच थांबवण्याचा अधिकार आहे, आणि तो त्यांनी अधिक मोकळेपणाने वापरावा असे मला वाटते.

क्रमांकालाही अर्थ असतो. सुरुवातीला जाणाऱ्यांना मार्ग कसा चालतो आहे याची काहीच माहिती नसते. नंतरच्यांना कुठे घोडे अडत आहेत हे पडद्यावर पाहायला मिळते, पण पावसाचा दिवस असेल तर तोवर उडीच्या जागची माती चिखल झालेली असते. मोठ्या स्पर्धांत काही स्वार दोन घोडे घेऊन येतात, एक सकाळी आणि एक अखेरीस. दुसऱ्या दौडीत तोच स्वार वेगळा मार्ग घेतो का, हे जरूर पाहावे. मध्येच एखादा अपघात झाला किंवा अडथळा दुरुस्त करावा लागला, तर मागच्या घोड्याला झेंडा दाखवून थांबवतात. थांबलेला वेळ घड्याळातून वजा होतो, पण विस्कटलेली लय परत मिळवणे सोपे नसते.

शेवटची रेषा ओलांडल्यावर प्रक्षेपण पुढच्या घोड्याकडे वळते, तेव्हा मागे मोठे काम सुरू झालेले असते. स्वार लगेच खाली उतरतो, खोगीर निघते, दोन-तीन माणसे घोड्याच्या अंगावर बर्फाचे पाणी ओतत, ते निथळवत आणि पुन्हा ओतत त्याला चालवत राहतात, आणि पशुवैद्य श्वास, नाडी आणि तापमान ठरावीक पातळीवर उतरेपर्यंत त्याला सोडत नाहीत. संध्याकाळी पाय थंड पाण्यात किंवा बर्फात ठेवले जातात, मधूनमधून त्याला थोडे फिरवून आखडलेले स्नायू मोकळे केले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी शो जंपिंगच्या आधी प्रत्येक घोड्याला कठीण, सपाट पट्टीवर परीक्षक आणि पशुवैद्यांसमोर दुडक्या चालीने नेले जाते. एका पायावर किंचितही लंगडला तर त्याला पुन्हा तपासण्यासाठी बाजूला घेतात, आणि तिथे नापास झाला तर आदल्या दिवशीचा आकडा कितीही चांगला असो, त्याची स्पर्धा त्या पट्टीवरच संपते. पास झालेल्यांपैकी ज्यांचे पाय आदल्या दिवशीच्या दौडीने जड झाले आहेत, त्यांच्या खुरांचा स्पर्श दुपारी रंगीत दांड्यांना होऊ लागतो, आणि सकाळी दोन-तीन गुणांनी पुढे असलेल्या जोडीला तेव्हा एका दांड्याचीही चूक परवडत नाही.